पहिल्या यशानंतरचं दुसरं नाटक : सुभद्रेची गोष्ट



भाऊबीज झाली की आपल्या झाडीत मंडया भरू लागतात. धान घरात येतं, हातात थोडा पैसा खेळतो आणि गावोगावी नाटकाचे फलक लागतात. वडशाहून, म्हणजे देसाईगंजहून, कंपनीची गाडी येते. मंडप उभा होतो. आपण चादर-स्वेटर घेऊन, लेकरं मांडीवर घेऊन रात्रभर बसतो. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. या नाटकांत पात्र बोलता बोलता गाऊ लागतं, बाजूला ऑर्गन आणि तबला वाजतो. आपल्याला त्याची इतकी सवय आहे की हे असं नाटकात गाणं कधी सुरू झालं, हे आपण कुणाला विचारत नाही. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत. पण सांगणार आहोत ती एका नाटक मंडळीच्या दुसऱ्या नाटकाची.

दुसऱ्याची का, ते आधी सांगतो. पहिलं काम गाजलं की दुसऱ्या कामाची भीती वाटते, हे गटातल्या बायांना वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी मंडईत गटाचे पापड-लोणचे हातोहात गेले, तर दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असतात. तेच आणलं तर लोक म्हणतात, यांच्याकडे नवीन काही नाही. सगळंच बदललं तर म्हणतात, मागच्यासारखी चव राहिली नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचंही असंच असतं. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात द स्टोन रोझेस नावाचा रॉक बँड होता. रॉक बँड म्हणजे गिटार आणि ड्रम घेऊन गाणारी चार-पाच जणांची मंडळी. १९८९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि तिकडे त्यांचं फार नाव झालं. दुसरा अल्बम यायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. मधली पाच वर्षं कोर्टकज्ज्यात आणि दिरंगाईत गेली. दुसऱ्या अल्बमला पहिल्यासारखी दाद मिळाली नाही आणि १९९६ मध्ये ती मंडळी फुटली. पहिलं यश असं अंगावरही येऊ शकतं.

आता आपल्याकडची गोष्ट ऐका. ती याहून शंभर वर्षं आधीची आहे.

मराठी नाटकाचा आरंभ आपण १८४३ पासून धरतो. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला. म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या खेळांत गाणी होती, पण ती सूत्रधार म्हणायचा. सीता दुःखात असो की रावण रागात असो, गायचं काम सूत्रधाराचं. पात्रांनी हावभाव करायचे आणि मधूनमधून बोलायचं. म्हणजे दुःख एकीचं आणि तोंड दुसऱ्याचं.

हे बदललं बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांनी. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत. त्यांचा जन्मही १८४३ चाच, बेळगाव-धारवाडकडच्या गुर्लहोसूरचा. काही काळ शिक्षक, काही काळ पोलिसात, पुढे महसूल खात्यात अशी त्यांची नोकरी झाली. नाटकाचं वेड मात्र लहानपणापासून. पुण्यात पारशी मंडळीचं इंद्रसभा हे उर्दू नाटक त्यांनी पाहिलं. त्यातली गाणी ऐकून असं नाटक मराठीत का होऊ नये, हे त्यांच्या मनानं घेतलं, असं सांगतात. त्यांनी कालिदासाचं शाकुंतल घेतलं, मराठीत उतरवलं आणि पात्रांच्याच तोंडी पदं घातली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात संगीत शाकुंतलाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. शकुंतलेचं दुःख शकुंतलेनंच गायलं. प्रेक्षक वेडे झाले. दोनशेच्या घरात पदं असलेलं ते नाटक गावोगावी मागवलं जाऊ लागलं आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. बाळकोबा नाटेकर आणि मोरोबा वाघोलीकर हे तिचे मोठे गायक नट.

इतकं यश मिळाल्यावर प्रश्न आला, आता पुढे काय?

शाकुंतल गाजलं त्यात कालिदासाचा वाटा मोठा होता. गोष्ट हजारो वर्षं घासूनपुसून तयार झालेली होती. अण्णासाहेबांना तेच पुन्हा करणं सोपं होतं. संस्कृतातलं आणखी एखादं नावाजलेलं नाटक उचलायचं, त्यात पदं घालायची. लोक आले असते. त्यांनी ते केलं नाही. दुसरं नाटक त्यांनी स्वतः रचलं. कथेचा धागा महाभारतातला, पण प्रसंग, बोलणी, विनोद, पदं सगळं त्यांचं. नाव ठेवलं संगीत सौभद्र, सुभद्रेच्या नावावरून. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्याच्या पूर्णानंद नाट्यगृहात त्याचे पहिले तीन अंक झाले. उरलेले दोन त्यांनी पुढे जोडले आणि १८८३ मध्ये पाच अंकी नाटक पुरं झालं.

यात त्यांच्या कामाची रीत दिसते. शाकुंतलाच्या वेळीही आधी चार अंक दाखवले, मग सात पुरे केले. जेवढं तयार तेवढं लोकांसमोर ठेवायचं, काय उतरतं ते पाहायचं आणि मग पुढचं विणायचं. दुसरी गोष्ट, सौभद्र लिहिताना शाकुंतलाचे प्रयोग बंद पडले नव्हते. जुन्या नाटकावर मंडळीचं पोट चालत होतं, म्हणून नव्याला उसंत मिळाली.

पहिल्यातलं काय ठेवलं आणि काय बदललं, तेही बघण्यासारखं आहे. पात्रानं आपलं गाणं आपणच गायचं, हे ठेवलं. सात अंकांचे पाच केले. पदं कमी केली, तरी ती शंभरावर राहिलीच. चालींसाठी त्यांनी फार लांब पाहिलं नाही. कीर्तनातली साकी, दिंडी, लावणीच्या चाली, त्यांच्या गावाकडच्या कानडी चाली, आणि घराघरांत बायका म्हणत त्या गाण्यांच्या चालीसुद्धा त्यांनी घेतल्या. त्या काळी छापील नाटकात पदाच्या वर ते कोणत्या चालीवर म्हणायचं ते लिहिलेलं असे. त्यामुळे नाटक पाहून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी ते पद गुणगुणत असे. चाल त्याच्या ओळखीचीच होती ना!

आणखी एक बदल झाला. १८८२ मध्येच बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. तेव्हा ते विशीच्या आतलेच होते. आवाज असा की लोक त्यांना लाडानं भावड्या म्हणू लागले. सौभद्रात सुभद्रा झाले ते हे भाऊराव. म्हणजे दुसऱ्या कामात जुनी माणसं होतीच, त्यांच्यात एक नवा गळा मिळाला.

आता नाटकाची गोष्ट. द्वारकेत बलरामदादांनी आपल्या धाकट्या बहिणीचं, सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलं आहे. घर मोठं, राज्य मोठं, दादांचा शब्द गेलेला. सुभद्रेच्या मनात अर्जुन. अर्जुन तीर्थयात्रेला गेलेला. त्याला नारदाकडून ही बातमी कळते आणि तो खचतो. श्रीकृष्णाला बहिणीचं मन माहीत आहे, पण थोरल्या भावाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, म्हणून तो आतून डाव रचतो. अर्जुन संन्याशाच्या वेषात द्वारकेत येतो, बलराम त्याला साधू समजून मान देतात आणि त्याची सेवा करायला सुभद्रेलाच सांगतात. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

ही सगळी देवमंडळी, पण नाटकात ती आपल्या घरच्यांसारखी वागतात. थोरला भाऊ रागीट आणि भोळा, मधला भाऊ हुशार आणि गालात हसणारा, वहिनी रुक्मिणी मध्ये पडून नणंदेची बाजू सांगणारी. ठरलेल्या लग्नाच्या घरात जी कुजबुज, रुसवेफुगवे आणि लपवाछपवी चालते, ती तशीच्या तशी. लोकांना ते आपलं वाटलं, यात नवल नाही.

पण आम्हाला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मूळ महाभारतात, आदिपर्वात, सुभद्रेला कुणी विचारत नाही. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की स्वयंवरात मुलीचं मन कुणाकडे वळेल याचा भरवसा नाही, तू तिला पळवूनच ने. आणि अर्जुन तिला रथात घालून नेतो. तिच्या मनात काय होतं, याची चौकशी नाही. अण्णासाहेबांच्या नाटकात सुभद्रा रंगमंचाच्या मध्यभागी उभी राहून स्वतःच्या तोंडानं सांगते की हे लग्न मला नको. तिला राग येतो, ती रडते, जीव द्यायची भाषा करते, मैत्रिणीजवळ मन मोकळं करते. पात्रानं आपलं गाणं आपणच गायचं, ही शाकुंतलातली युक्ती इथे मोठ्या कामाला आली. एका मुलीचं नको हे पुण्याच्या भरल्या नाट्यगृहात गाऊन सांगितलं गेलं.

ते साल लक्षात ठेवा, १८८२. त्याच वर्षी आपल्या विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं स्त्री-पुरुष तुलना हे पुस्तक पुण्यात छापलं गेलं. सगळे दोष बाईच्याच माथी का, असं त्यांनी रोखठोक विचारलं होतं. त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीनं मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. तो कोर्टात गेला. पहिला निकाल तिच्या बाजूनं लागला, पण १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

अण्णासाहेबांनी सुधारणेसाठी नाटक लिहिलं, असं आमचं म्हणणं नाही. त्यांना गोड, हसरं, घरातल्या सगळ्यांना आवडेल असं संगीत नाटक करायचं होतं. पण जो प्रश्न त्या काळच्या घराघरांत धुमसत होता, तोच त्यांच्या नाटकाच्या पोटात आला. नुसत्या गोड गळ्यावर सौभद्र एवढी वर्षं टिकलं नसतं. आज १४० वर्षं होऊन गेली, तरी ते नाटक लागतं आणि लोक जातात.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. सुभद्रा नको म्हणते, पण तिची सुटका करतो तो श्रीकृष्ण, तीही गुपचूप, युक्तीनं. बलरामदादांसमोर उभं राहून तिचं म्हणणं कुणी मांडत नाही. म्हणजे मुलीचं मन राखलं गेलं ते एक भाऊ भला आणि हुशार होता म्हणून. ज्या घरात असा श्रीकृष्ण नाही, तिथल्या मुलीनं काय करायचं? नाटक त्याचं उत्तर देत नाही.

दुसरी मर्यादा मंचावरची. हे सगळं गाणारी सुभद्रा पुरुष होती. आधी भाऊराव, आणि १९०५ पासून किर्लोस्कर मंडळीत आलेले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्यांची कला थोरच होती. पण चांगल्या घरच्या बाईनं मंचावर पाय ठेवणं पाप समजलं जाई. बायकांच्या काही मंडळ्या त्याही काळात निघाल्या, त्यांनी संगीत नाटकं केली, पण त्यांच्या वाट्याला मानापेक्षा कुचेष्टाच जास्त आली. पुढे १९३० च्या आसपास हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांना घेऊन नाटक कंपनी चालवली आणि सुभद्रेची भूमिका स्वतः केली. तेव्हा सुभद्रेचं गाणं बाईच्या गळ्यातून आलं. मधे जवळजवळ ५० वर्षं गेली होती.

अण्णासाहेबांना फार आयुष्य मिळालं नाही. १८८४ मध्ये त्यांनी रामराज्यवियोग हे तिसरं संगीत नाटक घेतलं. त्याचे तीन अंक झाले आणि ते तसंच अपुरं राहिलं. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. पण मंडळी मोडली नाही. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी मंडळीसाठी संगीत शारदा लिहिलं. त्याचा पहिला प्रयोग १८९९ मध्ये इंदूरला झाला. पैशासाठी लहान मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप, ही त्यातली गोष्ट. यात देव नाहीत, राजे नाहीत, सरळ आपल्या गल्लीतली माणसं आहेत. सुभद्रेनं देवाघरच्या आडोशानं जे सांगितलं, ते शारदेनं उघड सांगितलं. दुसरं नाटक पहिल्याची नक्कल झालं असतं, तर तिथून शारदेपर्यंतची वाट निघालीच नसती, असं आम्हाला वाटतं.

कायदा या वाटेनं फार हळू आला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, त्यात मुलीचं वय दहाचं बारा केलं. १९२९ च्या बालविवाहाच्या कायद्यात लग्नासाठी मुलीचं वय १४ ठरलं. तो हरबिलास सारडा यांनी आणलेला, म्हणून सारडा कायदा. नाव जवळचं असल्यानं लोक त्याला शारदा कायदाही म्हणत. आज २००६ चा कायदा आहे, मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा हवा.

आता आपल्या मंचाकडे येऊ. झाडीपट्टीचं सगळं पुण्याहून आलं असं कुणी समजू नये. दंडार आपली, खडी गंमत आपली, आपल्या बोलीतला विनोद आपला. संगीत नाटकाची रीत त्यात येऊन मिसळली आणि इथे ती जिवंत राहिली. पुण्या-मुंबईकडे नाटकातलं गाणं मागे पडत गेलं, तेव्हाही आपल्याकडे गाण्याशिवाय नाटक म्हणजे मिठाशिवाय आंबिल, असंच राहिलं. २०२३ मध्ये आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. दंडारीत आणि जुन्या नाटकांत बाईचं सोंग पुरुषच घेत. आज वडशाच्या कंपन्यांत बाया काम करतात, गातात. रात्रभर प्रयोग आणि दिवसा प्रवास, असा त्यांचा हंगाम जातो. त्या आपल्यासारख्याच कमावत्या बाया आहेत. त्यांच्याविषयी मागून बोलणाऱ्यांना आपण तिथल्या तिथे थांबवायला हवं. हिराबाईंच्या काळची कुचेष्टा आपल्या मंडपात कशाला हवी?

आणि एक गोष्ट तुमच्या-आमच्या घरची. मंडई आणि नाटकाच्या निमित्तानं पाहुणे येतात. रात्री नाटक होतं आणि दुसऱ्या दिवशी जेवणावर सोयरिकीच्या गोष्टी निघतात. पुष्कळ लग्नं या हंगामातच जुळतात. रात्री मंचावर मुलगी नको म्हणते तेव्हा आपण डोळे पुसतो. सकाळी आपल्याच घरात पाहुणे बसलेले असतात, पोरगी आत चहा गाळत असते, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. विचारलं तरी कसं विचारतो? सगळं ठरल्यावर, पाहुण्यांसमोर, पसंत आहे ना, असं. त्याला विचारणं म्हणत नाहीत. पाहुणे यायच्या आधी, आईनं किंवा मामी-आत्यानं तिला बाजूला घेऊन विचारायला हवं. आणि तिनं नाही म्हटलं तर ते नाही बैठकीत मोठ्यांसमोर मांडणारं कुणीतरी हवं. सुभद्रेच्या घरी रुक्मिणी होती, पण तिलाही दादांसमोर बोलता आलं नाही. आपल्या गटात दहा-बारा जणी आहेत. एकीचा आवाज दबला तर दुसरी बोलू शकते.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की हा विषय काढा. आपल्या गावात या वर्षी ज्या घरी सोयरिकीची बोलणी चालली आहेत, त्या घरच्या मुलीशी कोण बोललं आहे? कुणीच नसेल, तर कोण बोलणार, तेही त्याच बैठकीत ठरवा. आणि यंदा गावात जी कंपनी येईल, तिच्यातल्या गाणाऱ्या बाईला प्रयोगानंतर जाऊन भेटा, चहा पाजा, तिचं गाणं आवडलं असं सांगा.